दालचिनीचा बुडणारा थेंब

१. थेंब

थेंब बुडायला हवा होता.

दालचिनीच्या पानांचे तेल पाण्याहून जड. तुळशीचे, तिरफळाचे, गवती चहाचे तेल काढा, ते पाण्यावर तरंगत राहते. हे मात्र मोती टाकावा तसे सरळ तळाशी जाऊन बसते. विमला तेच दाखवणार होती. काचेचा पेला पाण्याने भरून ठेवला होता. लाटंबार्से गावातल्या तिच्या घराच्या सोप्यावर बागायतदार मंडळाची माणसे खुर्च्या ओढून पुढे सरकली होती, आणि मंडळाचे प्रमुख बाबुराव चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवत होते.

विमलाने तपकिरी बाटलीतून एक थेंब सोडला.

थेंब बुडाला नाही. तरंगलाही नाही. पाण्यात पडला आणि पाणी झाला.

तिने दुसरा सोडला. तोही गेला.

"वास तर दालचिनीचोच येता," बाबुराव नाक पुढे करून म्हणाले. "मगे थेंब खंय गेलो?"

"लाजलो असतलो, भाऊ," कोपऱ्यातून गोकुळदास म्हणाला. डिचोलीच्या बाजारात त्याचे खतांचे आणि फवारणीच्या पावडरीचे दुकान होते. "एवढी माणसां बघून पळालो."

दोघे-तिघे हसले. विमलाचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिने बाटली शेजारी उभ्या असलेल्या सुमनच्या हातात दिली. सुमन पेडण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तेलाची तपासणी तिनेच केली होती आणि मंडळाला दाखलाही तीच देणार होती. सुमनने बाटलीतले थोडे बोटांवर घेऊन चोळले. बोटे घसरली नाहीत.

"हे तेल नाही," ती म्हणाली. "भाटीतून तेलाबरोबर जे पाणी उतरतं ना, ते आहे. वास तोच, पण जोर नाही. कुणीतरी तेल काढून घेतलंय आणि बाटलीत पाणी भरून ठेवलंय."

"म्हणजे चोरी?" बाबुराव उठून उभे राहिले. मग जरा विचार करून पुन्हा बसले. "बाय विमला, मी तुका खोटा म्हणणंय नाय. पण मिरयेक बुरशी लागता ती काय आमची वाट बघत रवाची नाय. उद्या सांजेक परत येतंव. तेल गावला तर मंडळ तुका शेड बांधून देता, मोठी भाटी देता, जसा ठरला तसा. नाय गावला तर गोकुळदासाच्या पावडरीक हो म्हणूचा लागतला. एकदा गणपतीची चवथ इली की कोणाक वेळ आसा?"

वर्षभराचे तेल त्या एका बाटलीत होते. पानांची तोडणी उन्हाळ्यात होते. आता श्रावण सरत आलेला, लाकडे ओली, भाटीचे छप्पर गळके. नवीन तेल निघणे शक्य नव्हते.

माणसे गेली. विमला पेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "सुमन, राहशील का उद्यापर्यंत? तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं."

२. जे सुमन मोठ्याने बोलली नाही

तिला आनंद झाला होता.

३. त्या आनंदाचा खुलासा

दोघी पणजीला एकाच बाकावर शिकल्या. परीक्षेत सुमन पुढे, विमला मागे. सुमनला कॉलेजात कायमची जागा मिळाली, विमलाला लाटंबार्शात सासर. हिशेब चुकता झाला असे सुमनला वाटले होते.

मग वर्षानुवर्षे सुमनने काचेच्या नळ्यांतून तेले काढली. तिरफळाच्या तेलात काय, तुळशीच्या तेलात काय, कोणत्या तेलापुढे कोणती बुरशी मान टाकते, हे सगळे तिने लिहिले, छापले. ते कुणी वाचले असेल तर त्याने तिला तसे कधी कळवले नाही. इकडे विमलाने एका मे महिन्यात, काजूचा हंगाम संपल्यावर, नवऱ्याच्या फेणी गाळायच्या भाणात दालचिनीची पाने कोंबली. चार थेंब तेल कापसावर घेऊन मिरीच्या पोत्यात टांगले. सबंध पावसाळा मिरी काळी कुळकुळीत राहिली, आणि बागायतदार जीप घेऊन तिच्या दारी आले.

तेल तपासायला मात्र ती सुमनकडेच आली होती. यंत्राच्या कागदावर एकच सुळका आभाळाला भिडलेला होता: युजिनॉल, लवंगेत असते तेच. त्याच्या पायथ्याशी लिनालूल, कॅरिओफायलीन अशी किरकोळ टेकाडे. सुमनने इतके देखणे तेल कधी काढले नव्हते. तिने नवी तपकिरी बाटली दिली, घट्ट पेचाचे झाकण दिले आणि वर बजावले, "रबराचं बूच लावू नकोस हं. हे तेल रबराला फुगवतं, खाऊन टाकतं."

"हो मॅडम," विमला हसून म्हणाली होती.

ते 'मॅडम' सुमनच्या अजून लक्षात होते. कारण आज बाबुरावांसारखा माणूस विमलाला 'बाय विमला' म्हणत होता, आणि दाखला देणारीला कुणी खुर्ची दिली नव्हती.

४. शिवदास आणि भेटीची बाटली

विमलाचा नवरा शिवदास मागच्या भाटीत होता. हंगाम नव्हता, तरी तो तिथेच बसायचा. तांब्याचे भाण उपडे घालून ठेवलेले, आणि तो रिकाम्या बाटल्या धूत होता.

"या मॅडम. बसा. हय बसा, ह्या लाकूड सुका आसा."

"शेवटचं तेल कधी बघितलंत तुम्ही?"

"मी? मी तेल बघणंय नाय. तेल माका बघता." तो हसला. "आदी लोक वाटेर विचारीत, शिवदासाची भाटी खंय? आता विचारतत, विमलाबायचा घर खंय? मी वाट दाखवतंय. काल एकट्यान माका विचारल्यान, तुमी थंय कामाक आसात काय?"

"मग काय सांगितलंत?"

"व्हय म्हटलंय. भाण घासूक." पुन्हा हसला, पण यावेळी बाटलीत बघून. "खोटा खंय? आदी मी गाळी आनी ती बुचां मारी. आता ती गाळता आनी मी भाण घासतंय."

"तुमचा संशय कुणावर?"

"गोकुळदासार. दुसरो कोण? भजनाक येता तो घरात. पण मॅडम, एक सांगू? चोरल्यान तो येडो. ता तेल विकूक जातलो खंय?"

निघताना त्याने एक फेणीची बाटली तिच्या हाती दिली. "तुमच्या बापाशीक द्या. खांदो दुखता म्हणा होती विमला." बाटलीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, पीळ देऊन घट्ट बसवलेली होती. "कितीय वर्सां ठेवा, जोर उडाचो नाय. ही बांधणी पुऱ्या गावात माझी एकट्याची."

सुमनने बाटली पिशवीत ठेवली.

५. यशोदा आणि बापाचे भाण

थोरली जाऊ यशोदा स्वयंपाकघरात नारळ खोवत होती. माहेर इब्रामपूरचे. नवरा महादेव सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, सणावारी घरी यायचा.

सुमनने काही विचारायच्या आधीच तिने सुरुवात केली. "माका विचारूक इलात न्हू? विचारा. पयलो संशय थोरल्या जावेरच येता. ती रीतच आसा."

"तसं नाही, वहिनी."

"तसाच. आनी खरा सांगतंय, माका बरा वाटला. थेंब गेलो तेव्हा." खोवणीवर नारळ जोरात फिरला. "ता भाण माझ्या बापाशीचा. त्याचे हात थकले तेव्हा माझ्यावांगडा ह्या घरात धाडल्यान. त्याच्यात शिवदास फेणी गाळता ता ठीक, घराचो धंदो. पण आता जीपवाले येतत आनी म्हणतत, वा विमलाबाय, वा विमलाबाय. भाण कोणाचा ता एकान तरी विचारल्यान?"

"तेल तुम्ही घेतलंत?"

"माका ता तेल व्हया कित्याक? माझ्या नाकात, केसांत, भातात, सगळीकडे तोच वास. घर न्हय ता, मसाल्याचो डबो."

ते खरे होते. माळ्यावर सुक्या पानांचे भारे होते, फरशी त्याच सुगंधी पाण्याने पुसलेली होती. सकाळपासून सुमनचे नाक थकून गेले होते. या घरात तेलाचा माग नाकाने काढणे म्हणजे समुद्रात मीठ शोधणे. विमलाने कपाटे, माळे, तांदळाची कणगी, सगळे उलथून पाहिले होते. तिला काही सापडले नव्हते, आणि तिला वासही कळला नव्हता.

"खरं तेल शेवटचं कधी दिसलं होतं?" सुमनने विचारले.

"नागपंचमीक. विमलान मुद्दाम सगळ्यांका थेंब बुडवून दाखवलो. त्याच दिसा भजन झाला, गोकुळदास होतो, सगळे होते. मगे भजनाची घुमटां पुसून, चुलीर शेकून, भिंतीक टांगली. त्या दिसापासून पावसान डोक्या वर काढूक दिल्यान नाय. भांगरासारख्या माझ्या रेशमी पाटावांक बुरशी लागली, बघा."

६. गोकुळदास, थोडक्यात

"मी चोरलंय म्हणा," गोकुळदास म्हणाला. तो पानाच्या दुकानाशी सापडला. "माका काय वाटाचा नाय. पण मॅडम, माणूस चोरता तेव्हा फेकून देता. माझ्या पावडरीच्या वाटेत जा येता ता मी नदीत घातलं असतंय. लपवून ठेवणारो वेगळो. त्याका ता तेल नको आनी ता जावकय नको. असो माणूस बाजारात नसता, घरात असता."

त्याच्या काखेतल्या चामड्याच्या बॅगेवर हिरवट-पांढरी साय धरली होती. त्याने ती बोलता बोलता बाहीने पुसली.

सुमन त्या बॅगेकडे बघतच राहिली.

७. बुरशीची जबानी

परत येताच तिने माणसांना विचारणे सोडले. ती घरातल्या वस्तूंना विचारू लागली.

— सोप्यावरच्या चपला?
— पट्ट्यांवर पांढरी लव.

— खुंटीवरचा शिवदासचा कातडी पट्टा?
— हिरवा. बक्कलाशी जास्त.

— भिंतीवरच्या तसबिरी?
— काचेच्या आतून ठिपके. देवाच्या गालावरसुद्धा.

— चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगायची माटोळीची लाकडी चौकट?
— घासून ठेवली होती. पुन्हा धरली.

— यशोदेच्या पाटावाची घडी?
— काळे ठिपके. ती खोटे बोलली नव्हती.

— सुमनची स्वतःची पर्स, पेडण्याहून आणलेली?
— तिच्यावरसुद्धा. खालच्या शिवणीशी.

— शिवदासचे घुमट?
— कातडे पांढरे. बोट फिरवले की पीठ.

— आणि त्याच्याच शेजारी टांगलेले महादेवाचे घुमट?

सुमन थांबली.

घुमट म्हणजे भजनात वाजवायचे मातीचे मडके, दोन्हीकडे तोंड असलेले. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, मागचे लहान तोंड उघडे. दोन्ही घुमटे एकाच दिवशी पुसली, एकाच चुलीवर शेकली, एकाच भिंतीला टांगली. एकाचे कातडे पीठ पीठ झालेले. दुसऱ्याचे पिवळे, तकतकीत, जणू आत्ताच पुसून ठेवले आहे.

पण ते कुणी पुसलेले नव्हते. वरच्या दोरीवर धूळ होती, कोळ्याने जाळे केले होते.

८. वाचकासाठी एक उसंत

इथवर सुमनला जे दिसले तेवढेच आपल्यालाही दिसले आहे. तिला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. एक: युजिनॉलची नुसती वाफही बुरशीला वाढू देत नाही. कापूस मिरीला शिवत नाही, तरी मिरी वाचते, ती त्यामुळेच. दुसरी: वाफ बुरशीला वाढू देत नाही, पण धरलेली बुरशी पुसून टाकत नाही. ती हातानेच पुसावी लागते. म्हणजे जे काही त्या घुमटात होते ते नागपंचमीला, कातडे स्वच्छ असतानाच, तिथे गेले होते.

चोर कोण, हे ठरवायला हवे तर इथेच ठरवा.

९. चुकीचा शेवट

घुमट महादेवाचे. महादेव सुर्ल्याला. त्याच्या वस्तूला हात लावणारी एकच, त्याची बायको. भाण तिच्या बापाचे, जीप विमलासाठी, आणि थेंब गेला तेव्हा तिला बरे वाटले होते. तिने ते तोंडाने सांगितले होते.

गोष्ट इतकी गोल बसली की सुमनला ती आवडली. दोन जावा भांडतील. लाटंबार्शात वर्षभर तेवढेच बोलणे चालेल. तेलाबद्दल कुणी बोलणार नाही.

१०. बरोबर शेवट, जो सुमनला आवडला नाही

दुपारचे जेवून घर सुस्तावले होते. सुमनने स्टुलावर चढून घुमट खाली घेतले. जड होते. मागच्या तोंडातून हात घातला, जुन्या धोतराचा बोळा हाताला लागला आणि बोळ्याच्या आत एक चपटी बाटली. खरे तेल. सोनेरी, दाट, उजेडात धरले तर मधासारखे.

बाटलीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, पीळ देऊन बसवलेली. निदान कधीकाळी घट्ट असावी. आता ती भिजलेल्या पापडासारखी फुगली होती, मऊ पडली होती, कडेने सुटली होती. तिथूनच वाफ बाहेर पडत होती, घुमटाच्या मातीत मुरत होती आणि कातडे राखत होती.

सुमनने पिशवीतली फेणीची बाटली काढून शेजारी धरली. तोच पीळ, त्याच दिशेचा. *ही बांधणी पुऱ्या गावात माझी एकट्याची.*

यशोदेने बाटली लपवली असती तर खोबरेल तेलाला लावतात तसा चिंधीचा बोळा लावला असता. विमलाने रबर लावलेच नसते, तिला बजावलेले होते. रबरावर असा आंधळा विश्वास टाकणारा माणूस एकच: ज्याने जन्मभर फेणी गाळली आणि ज्याचे रबर फेणीने कधी खाल्ले नाही. तेलही फेणीसारखेच, जोराची वस्तू, जोर उडू नये म्हणून घट्ट बांधायची. त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने कुणाला विचारले नव्हते, कारण विचारायचे तर बायकोला विचारावे लागले असते.

वाट दाखवणारा. भाण घासणारा. *खोटा खंय?*

सुमन बाटली हातात घेऊन उभी होती. सोप्यावर जाऊन एक हाक मारायची, एवढेच बाकी होते.

तिला दिसले: शेड. मोठी भाटी. पेडण्याहून, डिचोलीहून, कदाचित पणजीहूनही माणसे येतील. त्यांना विमला थेंब बुडवून दाखवील. आणि सुमन? सुमन दाखला देईल.

उद्या संध्याकाळपर्यंत गप्प राहायचे. काही करायचे नाही. काही न करणे म्हणजे चोरी थोडीच.

तिने बाटली बोळ्यात गुंडाळली, बोळा घुमटात घातला आणि घुमट जागच्या जागी टांगले. कोळ्याचे जाळे मात्र तुटले होते. ते काही पुन्हा जोडता आले नाही.

११. चहा

"काही लागलं का हाती?" संध्याकाळी विमलाने विचारले. तिने बशीसकट कप पुढे केला.

"अजून नाही."

"बरं." विमला तिच्या हाताकडे बघत होती. "साखर पुरे ना?"

"पुरे."

१२. सोप्यावर, दुसऱ्या दिवशी

बाबुराव आले, मंडळ आले. गोकुळदास पावडरीचा डबा घेऊनच आला होता. यशोदा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. शिवदास पायरीवर बसला होता. त्याची नजर एकदा विमलाकडे जाई, एकदा जमिनीकडे.

"तर?" बाबुराव म्हणाले.

"तेल माझ्याकडे नाही, भाऊ," विमला शांतपणे म्हणाली.

"बाय, मगे..."

"पण ते होतं की नाही, कसं होतं, हे सुमनला माहीत आहे. तिने तपासलंय. तिच्याइतकं हे कुणालाच कळत नाही. कालपासून ती शोधतेय. ती सांगेल ते मला कबूल. तिलाच विचारा."

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी खुर्ची पुढे सारली.

सुमन खुर्चीवर बसली नाही. तिने पायरीकडे पाहिले. शिवदास आता तिच्याकडे बघत होता. भीती होती त्या डोळ्यांत, आणि भीतीखाली एक आशा, की ही बाई गप्प राहील. सुमनला ती आशा ओळखीची वाटली. सकाळी आरशात केस विंचरताना तिने तीच पाहिली होती.



"यशोदावहिनी," ती म्हणाली, "तुमच्या घरवाल्यांचं घुमट खाली काढा."

"कित्याक?"

"घरातल्या एकूणएक वस्तूला बुरशी लागलीय. त्याला लागलेली नाही."

यशोदेने घुमट काढले. सुमनने सगळ्यांसमोर कातडे दाखवले, शेजारचे पांढरे कातडे दाखवले, वाफेची गोष्ट सांगितली. मग बोळा काढला. सोप्यावर चुळबुळ झाली, आणि सगळ्यांचे डोळे यशोदेवर गेले.

"मी नाय!" यशोदा ओरडली. "देवाशपथ, मी नाय! माझ्या घोवाच्या घुमटात..."

"वहिनी नाहीत," सुमन म्हणाली. तिने बाटली वर धरली. "तेल रबर खातं, हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाने हिचं तोंड बांधलंय. आणि ही त्यानेच काल मला दिलेली फेणी. दोन्ही बांधण्या बघा."

बाबुरावांनी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. बघायची गरज त्यांना नव्हती. त्यांच्या घरी तशाच बांधणीच्या बाटल्या होत्या.

"शिवदासा," ते हळूच म्हणाले. "ह्या तुझा?"

 शिवदास पायरीकडे बघतच बोलला. "नदीर गेलंय होतंय ओतूक. हात उठलो नाय. गाळलेला ओतवत नाय माझ्यान. मंडळान नको म्हटला की परत भरून ठेवतलंय होतंय. मगे ता घरातच ऱ्हवला असता. तीय."

"मेल्या, तू घोव काय वैरी?"

"ता आमी घरात बघतंव, भाऊ," विमला मधेच म्हणाली. "तुमी थेंब बघा."

तिने पेला आणला. पट्टी सोलून काढली आणि थेंब सोडला. तो पाण्याच्या पाठीवर क्षणभर थबकला, मग सोनेरी मण्यासारखा सावकाश उतरत तळाशी जाऊन बसला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबुरावांनी चष्मा काढून खिशात घातला, एवढेच. "शेड खंय बांधूची ता दाखव," ते म्हणाले.

"माझ्या भाणाकडे," यशोदा चौकटीतून म्हणाली. "माझ्या बापाशीच्या. आनी ता सगळ्यांनी ऐकलेला बरा."

"ऐकला, वहिनी," गोकुळदास पावडरीचा डबा काखेत मारत म्हणाला. "डिचोलीत जावन सांगतंय."

१३. जे राहिले

विमला तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत चिखल होता, दोघी बांधावरून एकामागून एक चालत होत्या. विमला पुढे.

"त्यांचं काय करणार?" सुमनने विचारले.

"चवथीच्या आरतीला तेच घुमट वाजवायला लावणार. प्रत्येक थापेला वास येईल. वाजवणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यांनाही." ती थोडा वेळ चालली. "राग येतो गं. पण ओततानाच हात अडला त्याचा. तेवढ्यावर बघू."

सुमनने पर्स एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"काल चहाचा कप घेतलास," विमला मागे न बघता म्हणाली, "तेव्हा तुझ्या बोटांवर काळं होतं. चिकट. रबर विरघळतं तेव्हा तसं लागतं. तूच सांगितलं होतंस मला, रबर लावू नकोस म्हणून. भाटीत शिवदासकडे जाऊन तुला खूप वेळ झाला होता आणि घरात दुसरीकडे कुठे रबर नव्हतं. मग मी भिंतींकडे बघितलं. एका घुमटाचं जाळं तुटलेलं होतं."

सुमनचे पाय थांबले.

"कालच? म्हणजे तेल कुठे आहे ते तुला कालच..."

"सकाळी उठल्या उठल्या काढून बघितलं. पट्टी बघितली. परत ठेवलं."

"मग सोप्यावर बोलली का नाहीस? मी गप्प राहिले असते तर?"

"तर मी काढलं असतं. तेल काही जात नव्हतं." विमला आता वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि सुमनला तो असता तर बरे वाटले असते. "चोर कोण ते मला कळलंच होतं. तू कोण, तेवढं बघायचं राहिलं होतं."

बस लांबून चढण चढत येत होती. सुमनला काहीतरी म्हणायचे होते, पण जे सुचत होते ते सगळे दाखल्याच्या भाषेतले होते.

"किती वेळ लागला तुला, ते मी मोजलं नाही," विमला म्हणाली. "दाखला पाठव. सही तुझीच हवी. दुसऱ्या कुणाची मला चालणार नाही."

मग तिने सुमनच्या काखेतली पर्स ओढून घेतली, उघडली आणि पदराच्या गाठीतला कापसाचा बोळा आत टाकला. दालचिनीचा वास दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"आता नवीन धरणार नाही," ती म्हणाली. "धरलीय ती मात्र तुलाच पुसावी लागेल."

बसमध्ये सुमनला खिडकीशी जागा मिळाली. कोरगावची दोन माणसे मागच्या बाकावर माटोळीच्या फळांवरून वाद घालत होती. पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून म्हणाला, "बाय, बरो वास येता. दालचिनी मगो?"

"विमलाबायचं तेल आहे," सुमन म्हणाली. "लाटंबार्शाची."

मग तिने पर्स मांडीवर उलटी धरली, पदराचे टोक ओले केले आणि खालच्या शिवणीपासून पुसायला सुरुवात केली.